वडिलांचं खरं वय शोधायला: भडगाव आणि धुळे

डॉक्टरांनी सहज विचारलं, "वडील कितव्या वर्षी गेले?" म्हटलं, "अठ्ठेचाळिसाव्या. हार्ट." मग त्यांनी माझं वय विचारलं. सत्तेचाळीस, पुढच्या महिन्यात अठ्ठेचाळीस पूर्ण. ते नुसतंच "हं" म्हणाले आणि माझी झोप उडाली.

बायको म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. असेल. पण मला एक आशा होती. आमच्या खानदेशात त्या काळी जन्मतारीख मास्तरच ठरवायचे, आणि पुढे नोकरी जास्त वर्षं मिळावी म्हणून वय थोडं कमी लावायचे. कागदावरचे नामदेव, म्हणजे घरादाराचे बापू, माझे वडील, खरे पन्नाशी ओलांडून गेले असतील तर मलाही तेवढी मुदतवाढ! हसू नका. ती मागायलाच मी नाशिकहून निघालो.

पहाटेच्या रेल्वेनं चाळीसगाव, तिथून एसटीनं भडगाव. तुम्हालाही पूर्वजांच्या नोंदी बघायला जायचं असेल तर एक ध्यानात ठेवा: उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, दुपारी गेलात तर कुलूप बघून परत याल. आधार कार्ड आणि साधा अर्ज सोबत असू द्या. पाणीही भरपूर घ्या, कारण चैत्रातच खिडकीच्या दांडीला हात लावला की चटका बसतो. कपाशी निघून गेलेली रानं उघडी पडली होती, मध्येच एखादी केळीची बाग. भडगावच्या स्टँडवरून आमच्या खेड्यापर्यंत जाऊन-येऊन रिक्षा अडीचशेत ठरली. वाटेत मी दोनदा स्वतःची नाडी बघितली. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "भाऊ, ऊन लागनं का?"

बापूंच्या शाळेतल्या मॅडम भल्या निघाल्या. जुनं रजिस्टर त्यांनी स्वतः शोधून काढलं.

"प्रवेशाच्या वेळी वय सहा," त्या म्हणाल्या. "पण पहिली पास झालेत दहाव्या वर्षी."

"नापास व्हायचे?"

"नाही हो. सुरुवातीची तीन वर्षं गैरहजर दिसतात. आजारी होते का लहानपणी?"

अभ्यासात हुशार असलेला मुलगा तीन वर्षं शाळेत येत नाही, म्हणजे काळीज जन्मापासूनच अधू असणार! आणि तसं असेल तर ते माझ्याकडेही आलं असणार. मुदतवाढ मागायला गेलो आणि आजार पदरात घेऊन बाहेर पडलो.

संध्याकाळी धुळे गाठलं. हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी मागवली. तिखटजाळ आणि झकास होती, असं शेजारच्या टेबलावरच्या चेहऱ्यांवरून सांगतो. मी दोन घास खाल्ले आणि छातीत जळजळलं तसं घाबरून ताट सरकवलं. लॉजवर पंखा होता, झोप नव्हती.

सकाळी देवपूरला अक्काकडे गेलो. अक्का म्हणजे बापूंची थोरली बहीण, माझी आत्या. कान थोडे जड झालेत, बाकी खणखणीत. चहा येण्याआधीच मी विचारलं, "अक्का, बापू लहानपणी फार आजारी होते का गं?"

"कोन? बापू? त्याले काय धाड भरनी व्हती! झाडवर चढे, गिरना नदीमा पोहे."

"मग तीन वर्षं शाळेत का नाही गेले?"

अक्का माझ्याजवळ सरकून बसली. मग म्हणाली, "तो नामदेव येगळा रे भाऊ. बापूना मोठा भाऊ. शाळामा नाव टाकं आनि त्याच साले ताप उना. गया तो. बापू तवय तीन सालना व्हता."

"पण बापूंचंच नाव नामदेव..."

"बापू शाळाना व्हयना, तवय मास्तर बोलना, नाव शेच, काटं नही, याले बठाडी द्या. बठाडी दिधं." ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मायनी त्याले नामदेव म्हनीसन कधीच हाक मारी नही. दोन्ही भाऊ मन्हाच कडेवर वाढनात. माले बठ्ठं याद शे."

माझा हिशेब मनात सुरू झाला होता. मास्तरांनी नाव न काटता बापूंना त्याच नावावर बसवलं, म्हणजे कागदावरचं वय त्या गेलेल्या मोठ्या भावाचं. बापू त्याहून तीन वर्षांनी लहान. म्हणजे ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेलेच नाहीत. गेले पंचेचाळिसाव्या.

"काय व्हयनं?" अक्कानं विचारलं. "चेहरा कसा पांढरा पडना तुना?"

"काही नाही. मी बापूंपेक्षा मोठा झालोय, अक्का. तीन वर्षं होत आली."

परतीच्या बसमध्ये घाट येईपर्यंत मी खिडकीला टेकून बसलो होतो. घरी आल्यावर डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पंचेचाळीस ऐकून आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या. म्हणजे भीती काही संपली नाही, उलट बळावली म्हणा. तपासण्या करणार आहे.

मग आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, पितरांना घागर भरायचा सण, आली. दरवर्षीसारखी बापूंच्या नावानं घागर भरली, वर खरबूज आणि सांजोरी ठेवली. बायकोला म्हटलं, एक लहान घागरही भरू, त्या सहा वर्षांच्या नामदेवसाठी. दोन्हींसमोर हात जोडले आणि मला रडू फुटलं. बापू गेले तेव्हा मी दहावीत होतो. तेव्हापासून त्यांचं मरण म्हणजे माझ्यावर येणारी तारीख, एवढंच मला दिसत होतं. पंचेचाळिशीचा माणूस, तीन पोरं शाळेत, केस काळेभोर. किती लहान होते बापू.