कितीखोल डॉक्टर

आमचे डॉक्टर कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंत खरवडायचे. लोणावळ्यात बुरशी नसलेली भिंत असते कुठे? खिशातला चाकू काढून ते काळा डाग कुरतडत आणि स्वतःशीच विचारत, "किती खोल?" रोगी बिचारा जीभ बाहेर काढून तसाच बसलेला. गावाने त्यांचं नावच 'कितीखोल डॉक्टर' पाडलं होतं.

देश नुकता स्वतंत्र झाला होता आणि मी तळेगावहून आलेली, सातवी पास, म्हणजे सर्वज्ञ सून होते. माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, लघवीतून रक्त जाऊ लागलं. दुखत काहीच नव्हतं. "दुखत नाही म्हणजे उष्णता," असं निदान करून मी सब्जा पाजला. रक्त थांबलं. मी घरात धन्वंतरीसारखी वावरू लागले. मग पुन्हा लाल.

डॉक्टर म्हणाले, "सूनबाई, हे आपलं आपण थांबतं आणि आपलं आपण येतं. सब्जाला उगाच मान देऊ नका."

मुंबईला दुर्बीण घालून पाहिलं, तर मूत्राशयात लिंबाएवढी गाठ. कॅन्सरची. ते लिंबू मी शेजारी सांगितलं. आमच्याकडे गाठी फळांत मोजतात, आणि फळ तोंडातोंडी वाढतं. कामशेतपर्यंत त्याचं मोसंबं झालं. बेडशाहून मामंजींच्या धाकट्या बहीण, आमच्या आत्याबाई, रडतच आल्या.

"नारळायेवढी हाय म्हनं? आगं, मंग दादाला मुतायला जागा कुटं ऱ्हायली?"

"आहे जागा!" मामंजी आतून ओरडले.

पण रात्रंदिवस त्यांना तीच धास्ती होती. गाठ मोठी, तेव्हा मूत्राशयच काढून टाकू आणि लघवीला पोटावर वाट करून देऊ, असं मुंबईचे सर्जन म्हणत होते. मामंजींनी जेवण टाकलं. "मग मी माणसांत बसायचं कसं?" एवढंच म्हणायचे.

मी डॉक्टरांना शहाणपणाने म्हटलं, "लिंबाएवढी म्हणजे काढलेलंच बरं, नाही का?"

ते मला मागच्या भिंतीकडे घेऊन गेले. तिथे परातीएवढा काळा डाग होता. खरवडला तसा चुन्याबरोबर निघून आला, खाली गिलावा ठणठणीत. मग मोरीजवळचा टिकलीएवढा ठिपका. तिथे चाकू शिरला तो शिरतच गेला. आतली वीट ओलीगच्च.

"मूत्राशयालाही भिंत असते. आतून अस्तर, मग स्नायू. रोग अस्तरात असला तर खरवडून भागतं. स्नायूत शिरला तर मूत्राशय काढावं लागतं. बाहेर पसरला तर काढूनही फायदा नाही. फळं काय मोजताय? मुंबईने गाठीचा तपासायला काढलेल्या तुकड्यात स्नायू आलाच नव्हता, मी विचारलंय. म्हणजे खोल किती, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. कमी धरलं तर माणूस जाईल, जास्त धरलं तर उगाच चिरला जाईल. पुन्हा तुकडा काढायचा, खालपर्यंतचा."

मी मान डोलावली. मागून सासूबाई म्हणाल्या, "ह्यांचं वाचेल हो सगळं. माझी मोरी कोण वाचवणार?"

डॉक्टर स्वतः मामंजींना घेऊन मुंबईला गेले. या खेपेला तुकड्यात स्नायू आला आणि तो स्वच्छ निघाला. गाठ अळंबीसारखी देठावर उभी होती. मोठी दिसायची, पण मूळ वरच्या वर. ती खरवडून काढली आणि मूत्राशय राहिलं. असली गाठ पुन्हा उगवते, म्हणून मामंजींना दुर्बिणीसाठी अधूनमधून मुंबई चुकली नाही. डॉक्टर मात्र भर बाजारातही त्यांना गाठून कानाशी विचारत, "रंग?" मामंजी लाजून चूर.

पुढे डॉक्टर मुलाकडे मुंबईला राहायला निघाले. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. नेमके गाडी सुटायच्या वेळी मामंजी गायब. गेले होते तिकडेच, फलाटाच्या टोकाला. गाडी हलली, तसे ते धोतर सावरत धावत आले. डॉक्टर खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि ओरडले, "रंग?"

माझ्यासमोर 'लघवी' हा शब्दही न उच्चारणारे मामंजी साऱ्या फलाटाला ऐकू जाईल असं गरजले, "स्वच्छ! पाण्यासारखा!"

चिक्कीवाल्याने टोपली खाली ठेवली. आत्याबाई म्हणाल्या, "आरं देवा!" मी हसू लपवायला पदर तोंडावर ओढला. गाडी खंडाळ्याच्या वळणाआड गेली, तरी तो खाली घेता येईना.