आर्व्हेलाचे केस

मिस्टर लॉय टिडवेल अकरा वर्षं माझ्या गाडीतून स्टुडिओत येत होते, पण पुढच्या सीटवर एकदाही बसले नाहीत. सकाळी साडेनऊला मी त्यांच्या दारात हॉर्न वाजवायचे. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, अशा थाटात ते बाहेर यायचे आणि मागचं दार उघडून बरोबर माझ्या पाठीमागे बसायचे. सुरुवातीला एकदा मी म्हटलं, "मिस्टर लॉय, मी काय टॅक्सीवाली आहे? पुढे या की."

"पोरी, तू रस्त्याकडे बघ," ते म्हणाले.

पुन्हा मी विचारलं नाही. कारण नॅशव्हिलमध्ये आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच ते कुणी बोलत नव्हतं.

ते पेडल स्टील वाजवायचे. टेबलासारखी आडवी, चार पायांवर उभी गिटार. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून घसरवायची, खाली पायांनी नि गुडघ्यांनी सूर वाकवायचे. हजारो गाण्यांत त्यांचा हात आहे, आणि बहुतेक रेकॉर्डांवर त्यांचं नावही नाही. कंबरलँडच्या डोंगरातल्या कोळसा खाणीवरचा माणूस. लग्न केलं नाही. सकाळी दहा, दुपारी दोन, अशा दोन पाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं. गाण्याचे शब्द त्यांनी कधी विचारले नाहीत. आमच्याकडे वादकांसमोर आकड्यांचा कागद असतो, कुठल्या ओळीला कुठला स्वरमेळ तेवढाच. शब्दांशी त्यांचं काम नसतं.

त्यांची एकच खोड मला छळायची. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी सगळे गप्प होतात, त्या क्षणी त्यांचा हात वर जायचा. "पोरी, काहीतरी गुणगुणतंय बघ."

मी ध्वनिमुद्रण करणारी. विजेची घरघर शोधणं हे माझं अर्धं आयुष्य. मी एकेक वायर काढून पुन्हा लावायचे. काही सापडायचं नाही. ड्रमवाला होबार्ट तोंडातली काडी चावत म्हणायचा, "नेल्डा, वायरीत काही नाही गं." पुढे काही बोलायचा नाही.

१९६१च्या सप्टेंबरात मिस्टर लॉय गायिका आर्व्हेला स्ट्राउडच्या गाडीचं स्टिअरिंग धरून होते. आर्व्हेला तेव्हा एकोणतीस वर्षांची, दोन गाणी गाजलेली, तिसरं गाजायच्या बेतात. केंटकीतल्या एका जत्रेत गाऊन दोघं परत येत होते. वादकांची दुसरी गाडी मागे राहिली होती. भर दुपार, स्वच्छ ऊन. वळणावर गवताची गाडी ओढणारा ट्रॅक्टर आडवा आला. मिस्टर लॉय जगले, आर्व्हेला गेली. चूक कुणाची, हे त्यांना कुणी विचारलं नाही. पण त्यानंतर गाडीच्या अपघाताचं गाणं आलं की निर्माते गुपचूप दुसऱ्या स्टीलवाल्याला बोलवायचे. त्यांच्यासमोर आर्व्हेलाचं नाव कुणी घ्यायचं नाही. आम्हाला वाटायचं, आपण त्यांना जपतोय.

१९९५च्या जूनमध्ये न्यू जर्सीहून दोन पोरं आली. बँडचं नाव सॉगी डीकन्स, म्हणजे ओलेचिंब पुजारी. एक डोव्ह, गाणी लिहिणारा, हिरवे केस. दुसरा मारेक, गिटारवाला. त्यांच्या आधीच्या रेकॉर्डांवर नुसता गोंगाट आणि शिव्या. आता त्यांना खरंखुरं कंट्री, म्हणजे आमच्या नॅशव्हिलच्या गावरान गाण्यांचं रेकॉर्ड करायचं होतं, आणि तेही आमच्या म्हाताऱ्या वादकांना घेऊन.

पहिलंच गाणं शेरीफच्या बद्धकोष्ठावर निघालं. मला वाटलं, आता सगळे उठून जातील. होबार्ट म्हणाला, "मी कुस्तीगिरांच्या नाताळगीतांना वाजवलंय, बाळा. तुझा शेरीफ त्यापुढे काय!" सगळे हसले. मिस्टर लॉयनी त्या बद्धकोष्ठाला असे काही गोड सूर दिले की डोव्ह काचेपलीकडून माझ्याकडे बघतच राहिला. "हा माणूस चेष्टा करतोय का?" त्यानं विचारलं.

"ते चेष्टा करत नाहीत," मी म्हटलं. "त्यांना शब्द ठाऊकच नाहीत."

तिसऱ्या दिवशी, दुपारच्या पाळीला, डोव्ह बगलेत एक जुनं रेकॉर्ड घेऊन आला. भंगाराच्या दुकानात सापडलेलं. "पुढच्या गाण्याला मला हुबेहूब ह्यातली स्टील हवी," म्हणत त्यानं ते सगळ्यांसमोर धरलं. "वाजवणाऱ्याचं नाव छापलेलं नाही, पण बापरे, काय रडवलंय!"

कव्हरवर आर्व्हेला होती. पांढरा झालरीचा पोशाख, डोक्यावर सोनेरी केसांचा हा एवढा डोलारा.

होबार्टनं ड्रमच्या काड्या खाली ठेवल्या. डोव्हला वाटलं, आपलं बोलणं ऐकू गेलं नाही. तो मोठ्यानं म्हणाला, "गाण्याचं नाव 'आर्व्हेलाचा विग'. मागे छापलंय, ती अपघातात गेली. म्हणून मी..."

"पाळी संपली," होबार्ट उठत म्हणाला.

"बस खाली, होबार्ट," मिस्टर लॉय म्हणाले. मग डोव्हकडे वळून, "ती स्टील माझी आहे. गाडीही मीच चालवत होतो. गाऊन दाखव तुझं गाणं."

डोव्हनं रेकॉर्ड खाली घेतलं. "सर, मला माहीत नव्हतं. आपण हे गाणं सोडून देऊ."

"गा म्हटलं ना."

पोरगं गायलं. ओठातल्या ओठात, मान खाली घालून.

"विग पोचला स्वर्गात आधी, देवानं पुसलं, 'डोकं कुठंय?'
विग म्हणाला, 'येईल मागून, टक्कल झाकाया टोपी शोधतंय.'"

मारेकनं डोळे मिटून घेतले. मला काचेमागून पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात मिस्टर लॉय हसले. अकरा वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. घशात गिट्टी फुटावी तसा आवाज. मग ते एकदम थांबले.

"विग वर गेला नाही," ते म्हणाले. "कुंपणाच्या तारेवर अडकला. दहा पावलांवर. मला दिसत होता." त्यांनी पोलादी कांडी रुमालानं पुसायला घेतली आणि पुसतच राहिले. "लहानपणच्या तापात तिचे केस गेले होते. मला माहीत, तिच्या लेकीला माहीत. तिसऱ्या कुणाला नाही. माझे पाय डॅशबोर्डखाली चेपलेले. ती म्हणाली, 'लॉय, लोक यायच्या आत माझे केस आण रे.' मी म्हटलं, आणतो. तीनदा म्हणाली. तीनदा मी म्हटलं, आणतो. मग ती गप्प झाली आणि गुणगुणायला लागली. गाणं नव्हतं कुठलं. आपलं उगाच, काम करता करता बाई गुणगुणते तसं. गवत कापणारी माणसं धावत येईपर्यंत ते थांबलं होतं. त्यांनी टोप्या काढल्या, आणि सगळे तिच्या डोक्याकडे बघत उभे राहिले."

मी अकरा वर्षं कुठल्या वायरी तपासत होते ते मला तेव्हा कळलं.

"माफ करा, सर," डोव्ह म्हणाला. "मी फाडून टाकतो हे."

"फाडू नको. चौतीस वर्षांत माझ्यासमोर तिचं नाव कुणी घेतलं नाही. तू घेतलंस. गाढवासारखं घेतलंस, पण घेतलंस. आता नीट लिही. विग तारेवर. आणि ती काय म्हणाली तेही."

डोव्ह जिन्यात जाऊन बसला. तासाभरानं आला तेव्हा अर्धं गाणं तेच वाह्यात होतं, देव आणि विग आणि टोपी. पण शेवटच्या कडव्यात बाई एवढंच म्हणत होती, लोक यायच्या आत माझे केस आण. मिस्टर लॉयनी पहिल्यांदाच शब्दांचा कागद मागून घेतला आणि पेडलांशेजारी जमिनीवर ठेवला.

एका दमात झालं ते. शेवटचं कडवं संपल्यावर सगळे थांबले, पण स्टील थांबली नाही. आकड्यांच्या कागदावर नसलेली एक छोटी, येरझारा घालणारी चाल. कुठे सुरू झाली कळलं नाही, आणि मध्येच तुटली. मी टेप फिरत ठेवली. माझ्या हेडफोनमध्ये त्यानंतरही काहीतरी होतं, अगदी बारीक. ॲम्प्लिफायर गरम झाला की करतो तसा आवाज असेल. आजवर मी ती जागा पुन्हा ऐकलेली नाही.

घरी सोडताना मी आरशात बघून विचारलं, "मिस्टर लॉय, थांबलं का ते?"

"नाही," ते बाहेर बघत म्हणाले. "आता जवळून येतंय."

पुढच्या वसंतात रेकॉर्ड आलं. डीकन्सच्या चाहत्यांना वाटलं पोरं बिघडली, आणि कंट्रीवाल्या रेडिओनं एकदाही लावलं नाही. कॉलेजांच्या रेडिओवर मात्र 'आर्व्हेलाचा विग' वाजत राहिलं. सप्टेंबरात एक दिवस चाळिशीची एक बाई स्टुडिओच्या दारात उभी राहिली. हातात टोपीचा गोल डबा, अंगात परिचारिकेचा गणवेश. केंटकीतल्या ओवेन्सबरोहून थेट ड्यूटी संपवून आलेली.

"तारेचं ह्या पोरांना कुणी सांगितलं?" तिनं नमस्कारचमत्कार न करता विचारलं. "ते छापून आलं नव्हतं. तिथं असलेल्या माणसालाच माहीत असणार."

ती आर्व्हेलाची लेक, ओडेसा. अपघात झाला तेव्हा सहा वर्षांची. मी तिला आत नेलं. मिस्टर लॉय तारा बदलत होते. त्यांनी वर पाहिलं आणि उभे राहिले. उठताना खुर्ची पडली, ती कुणी उचलली नाही.

"मी सांगितलं," ते म्हणाले.

"माझ्या लेकानं कॉलेजातून आणलं ते रेकॉर्ड. टकलीची पोर म्हणून मला शाळेभर चिडवलंय, आणि आता तो घरात तेच गातोय." तिचा आवाज चढत होता. मग ती डबा मांडीवर घेऊन बसली. "एक विचारायचंय. खरं सांगा. माझं नाव घेतलं का तिनं?"

मी मनात म्हटलं, हो म्हणा. देवासाठी हो म्हणा.

"नाही," मिस्टर लॉय म्हणाले. "केस मागितले. तीनदा."

ओडेसानं डब्याचं झाकण दाबून धरलं. "पाद्री म्हणाला, शेवटचं नाव तुझंच होतं. मावशी म्हणाली, आजी म्हणाली. सगळे एकच वाक्य म्हणायचे, पाठ केल्यासारखं." तिनं नाक पुसलं. "केस नीट बसल्याशिवाय ती अंगणातल्या कोंबड्यांनासुद्धा तोंड दाखवायची नाही. हीच माझी आई."

मग तिनं डबा उघडला. शेरीफच्या ऑफिसनं कागदी पिशवीतून परत केलेला विग. सोनेरी रंग गवतासारखा झालेला, आणि आत अजून दोन-तीन कुसळं. "कपाटात होता इतकी वर्षं. टाकवत नाही. माझी मुलं त्या खोलीत झोपत नाहीत. लहानपणी तर म्हणायची, कपाटात कुणीतरी काम करतंय."

मिस्टर लॉयनी विचारलं, "काम करतंय म्हणजे? काय ऐकू येतं त्यांना?"

"ती सांगत नाहीत," ओडेसा म्हणाली. "मला ती जागा दाखवाल?"

ऑक्टोबरात आम्ही तिघं केंटकीला गेलो. मैलाचा दगड मिस्टर लॉयना तोंडपाठ होता, पण तिथे वळणच नव्हतं. रस्ता केव्हाच सरळ करून पलीकडे सरकवला होता. जुन्या जागी सोयाबीनचं शेत, नुकतंच कापलेलं. ते गाडीतून उतरले आणि धसकटांतून चालायला लागले. "इथे कुंपण होतं. नाही, तिथे. ट्रॅक्टर ह्या बाजूनं आला..." वीस-पंचवीस पावलं जायचे, थांबायचे, वळायचे. पॉलिशचे बूट मातीनं भरले. आयुष्यभर डोळ्यांसमोर असलेली जागा जमिनीवर मात्र सापडत नव्हती. असा भेदरलेला माणूस मी पाहिलेला नाही.

शेवटी ओडेसानं त्यांचा दंड धरला. "पुरे, मिस्टर लॉय. इथंच होती असं समजू."

तिनं गाडीतून फावडं आणलं तेवढ्यात शेताचा मालक पिकअपमधून आला. म्हातारा, तोंडात तंबाखू. "काय पुरताय माझ्या रानात?"

"केस," ओडेसा म्हणाली.

"कुणाचे?"

"आईचे."

त्यानं डब्याकडे पाहिलं, मग मिस्टर लॉयकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि तंबाखू थुंकून टाकली. "माझा नांगर हातभर खोल जातो," तो म्हणाला. "त्याच्या खाली पुरा."

मिस्टर लॉयनी ओडेसाच्या हातातून फावडं घेतलं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, चेपलेले पाय. मी पुढे झाले तर त्यांनी मला हातानंच मागे सारलं. त्यांनी कमरेइतकं खणलं आणि 'आणतो' म्हटलेले केस स्वतःच्या हातांनी खाली ठेवले.