फुलांची हजेरी

चष्मा कपाळावर चढवायचा, फोन हातभर लांब धरायचा आणि पडद्यावरून बोट सरकवत पुटपुटायचे, "कोनाचं फूल आलं नाई?" वलगावच्या चाचांची सकाळ अशी सुरू होई. शिलाई मशीनवरचे कापड तोवर तसेच पडून राही.

सुप्रभाताचे गुलाब अखंड कोसळतात असा एखादा ग्रुप आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असतोच. आमचा ग्रुप कापूस उत्पादकांचा होता. कीटकशास्त्र शिकून मी नुकतीच अमरावतीत रुजू झाले होते आणि बोंडअळीचा इशारा वेळेत शेतापर्यंत पोहोचवणे हे माझे काम होते. एक हंगाम चुकला तर अख्खे घर हलावे, अशी ती वर्षे होती. चाचांचे शिलाईचे दुकान होते, थोडा कापूस होता आणि गावभर ओळख होती. म्हणून मी त्यांनाही ॲडमिन केले.

फोन सतत वाजू लागले, तेव्हा लोकांनी ग्रुपचा आवाजच बंद केला. माझा इशारा गुलाबांखाली गाडला गेला. निदान स्पष्ट होते. संदेश फक्त ॲडमिनने पाठवावेत, अशी सोय मी चालू केली. ग्रुप शांत झाला आणि मला फार समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी चाचा एसटीने थेट कार्यालयात.

"बेटा, हजेरी काहून बंद केली?"

"कसली हजेरी, चाचा? नुसती फुले होती ती."

"तुले फुलं दिसतात, मले मानसं दिसतात. रोज फूल टाकनाऱ्यानं टाकलं नाई, का मी फोन लावतो. हाय का बाबा, म्हनतो."

"पण इशारा चुकला तर पीक जाते."

"पीक बी पाह्यजे, मानूस बी पाह्यजे. शिकलेली हायेस, काढ काहीतरी."

मग दोन ग्रुप केले. इशाऱ्याचा वाजता, फुलांचा मुका. कोणता आवाज कसा बंद करायचा, हे चाचांनी दुकानात एकेकाला शिकवले. एकाने नेमके उलटे केले, तेव्हा ते कडाडले, "अबे, राखनदाराचं तोंड बांधलं आन् पाहुन्याले भुंकाले लावलं!"

फवारणीच्या दिवसांत एका सकाळी त्याच माणसाचे फूल आले नाही. तो शेतातल्या खोलीत एकटाच राही. फोन नुसता वाजत राहिला. चाचा रिक्षा घेऊन गेले, तेव्हा तो बांधावर ओकत पडला होता. आदल्या दिवशी त्याने वाऱ्याच्या तोंडावर फवारणी केली होती; विषारी औषध त्याच्याच नाकातोंडात गेले होते. चाचांनी त्याला अमरावतीच्या दवाखान्यात आणले. तो शुद्धीवर आला, तेव्हा मी तिथे होते.

"आज तुहा खाडा लागला," चाचा त्याचे पाय दाबत म्हणाले.

माझ्या साऱ्या विचारात बोलणारे होते. गप्प झालेल्याला त्यात जागाच नव्हती.

पुढे माझी अकोल्याला बदली झाली. एका दुपारी दार उघडले, तर तोच शेतकरी उभा. फोन खिशात, टोपी हातात.

"चाचा गेले, मॅडम. काल."

त्याला आत बसवून मी म्हणाले, "एवढ्या लांब कशाला आलात? ग्रुपवर कळले असते."

"कळलं असतं," तो म्हणाला. "पन तुमी इथं एकट्या राह्यता ना."