फाइलमधला पत्ता बरोबर होता

मी फारसा बोलणारा माणूस नाही. घरातही नाही. बायको म्हणायची, तुमच्याशी बोलायचं म्हणजे विहिरीत बादली सोडल्यासारखं, दोर संपतो पण पाणी लागत नाही. आता ती बहुतेक वेळ पुण्यात मुलीकडेच असते, त्यामुळे तेवढंही कोणी म्हणत नाही. तरी हे लिहायला बसलोय. चौदा वर्षांपूर्वी मी एक छोटं वाक्य बोललो होतो, आणि ते खोटं होतं.

तेव्हा आमचं ऑफिस सातपूरला होतं. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप आणि वर आम्ही पाच माणसं. लेथवर कातायला मोठा लोखंडी जॉब चढला की आमच्या टेबलावरच्या चहाला बारीक लाटा यायच्या. परदेशी जाणारी द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाऊससाठी आम्ही प्रोग्राम करायचो.

त्या पाचांत माझा एकच मित्र होता, सायखेड्याचा. रोज एसटीने यायचा, जेवणाच्या डब्याबरोबर मेथीची नाहीतर कोथिंबिरीची जुडी घेऊन. मी त्याला 'गाववाले' म्हणायचो, तो मला 'शहरवाले'. जिन्याच्या मधल्या वळणावर बसून आम्ही डबे उघडायचो. माझ्या डब्यातली बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी बघून तो म्हणायचा, "शहरवाले, तुमच्याकडं बटाट्याशिवाय काय उगवत नाय का?" आणि त्याच्या भाकरीतला अर्धा तुकडा माझ्या झाकणात पडायचा. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नाव द्यावं लागे. बाकीच्यांनी एक, दोन, तीन असे आकडे दिले होते. त्याचं गाव नदीकाठचं, म्हणून त्याने आपल्या मशीनला नाव दिलं होतं 'गोदाकाठ'.

त्या वर्षी पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसचं काम आमच्याकडे आलं. पॅकहाऊसमध्ये द्राक्षं आली की कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या प्लॉटची, औषधांच्या अंशाची तपासणी झालीय का, हे सगळं पेटीवरच्या स्टिकरवर छापावं लागतं. ही माहिती पॅकहाऊसमधल्या कॉम्प्युटरवर नसते. आपला प्रोग्राम दूरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला विचारतो आणि तो उत्तर देतो. त्या उत्तर देणाऱ्याला वेब सर्व्हिस म्हणतात. विचारायचं कुठे, तो पत्ता आपल्या प्रोग्रामला आधी सांगून ठेवायचा असतो.

काम चालू असताना खरी सर्व्हिस मिळत नाही, म्हणून चाचणीची एक खोटी सर्व्हिस मित्राने आपल्या मशीनवर उभी केली होती. पॅकहाऊसमधूनही तपासता यावं म्हणून गोदाकाठ बाहेरून दिसेल असं ठेवलं होतं. तुम्ही काहीही विचारा, ती एकाच बनावट शेतकऱ्याचा एकच प्लॉट नंबर सांगायची. हंगाम सुरू होण्याआधी पत्ता बदलून खऱ्या सर्व्हिसचा टाकायचा, एवढंच बाकी होतं. पत्ता प्रोग्रामशेजारच्या सेटिंगच्या एका फाइलमध्ये असतो. मित्र सोमवारी पिंपळगावला गेला, फाइल उघडली, पत्ता बदलला, परत आला. माल अजून यायचा होता, म्हणून तपासून बघायला काही नव्हतं.

बुधवारी मी गेलो. किरकोळ दुरुस्त्या केलेला नवा प्रोग्राम टाकायला. आमची पद्धत ठरलेली होती, गिऱ्हाइकाकडे फक्त प्रोग्राम बदलायचा, त्यांच्या सेटिंगच्या फाइलला हात लावायचा नाही. मी तेच केलं. जाण्याआधी मात्र एक काम मी कुणाला न सांगता करून टाकलं होतं. प्रोजेक्टचं आतलं नाव अजून 'ट्रायल' असंच होतं. आता खरं काम सुरू होणार, तर नाव नीट असावं, म्हणून ते बदलून मी छानसं नाव दिलं. ऑफिसात सगळं बिनबोभाट चाललं. मला बरं वाटलं, घर झाडल्यासारखं.

शुक्रवारी सकाळी पॅकिंग सुरू झालं आणि दुपारपर्यंत प्रत्येक पेटीवर त्याच बनावट शेतकऱ्याचा प्लॉट छापला गेला. लक्षात आलं तेव्हा अर्धा कंटेनर भरला होता.

मोटरसायकल माझ्याकडे होती, म्हणून मला पाठवलं. पॅकहाऊसच्या थंड खोलीतून पेट्या परत बाहेर येत होत्या. डोक्याला जाळीची टोपी बांधलेल्या बायका नखांनी स्टिकर खरवडत होत्या. त्यांतली एक मला बघून दुसरीला म्हणाली, "आला बाई, कॉम्प्युटरवाला आला. आता ह्याच्याच कपाळावर चिकटव एक."

मी सेटिंगची फाइल उघडली.

पत्ता बरोबर होता. खऱ्या सर्व्हिसचा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी दोनदा वाचला. आणि तरीही प्रोग्राम गोदाकाठलाच विचारत होता. मला काही कळेना. मागे मॅनेजर उभा होता, बाहेर कंटेनरचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. मी कारण शोधत बसलो नाही. माझ्या लॅपटॉपवरची सेटिंगची फाइल काढली, तिच्यात खरा पत्ता घातला आणि ती तिथल्या फाइलवर टाकली. प्रोग्राम नीट चालू लागला. मित्राने बदललेली फाइल मात्र पुसली गेली, आणि ती बरोबर होती हे पाहणारे डोळे जगात फक्त माझेच उरले.

कंटेनरला उशीर झाला आणि जहाज चुकलं.

सातपूरला परतलो तेव्हा आमचे मालक उभेच होते. बनावट माहिती कुठल्या मशीनवरून गेली हे त्यांना एव्हाना दिसलं होतं. "गोदाकाठ," ते मित्राला म्हणाले. "कवितेचं नाव द्यायचं आणि कामात माती खायची." मग माझ्याकडे वळले. "फाइलमध्ये जुनाच पत्ता होता ना?"

मी मान हलवली. हो म्हणालो नाही, फक्त मान हलवली. आजही मी स्वतःला कधीकधी असा हिशेब सांगतो.

पण नंतर जिन्यावर मित्राने विचारलं. डबा मांडीवर होता, दुपारपासून उघडला नव्हता. "मी बदलला होता रे. मला डोळ्यांसमोर दिसतंय. तू बघितलंस ना नीट? जुनाच होता?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "हो रे, जुनाच होता."

का बोललो? मालकांसमोर मान हलवून झाली होती, हे एक. दुसरं म्हणजे, बुधवारी प्रोग्राम मी टाकला होता आणि पोटात कुठेतरी शंका होती की घोटाळा माझ्याकडूनच झालाय. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू बघितलं म्हणतोस, म्हणजे राहिलंच असंल." आणि डबा न उघडताच उठला.

रविवारी दुपारी मी एकटाच ऑफिसात गेलो. लेथ बंद होते. तासाभरात सापडलं. पहिल्यांदा सर्व्हिस जोडताना प्रोग्राम तो पत्ता आपल्या पोटातही लिहून ठेवतो, बाहेरची फाइल सापडली नाही तर उपयोगी पडावा म्हणून. बाहेरच्या फाइलमध्ये आपला भाग कोणता, हे तो प्रोजेक्टच्या आतल्या नावावरून ओळखतो. मी नाव बदललं होतं. माझ्या लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये ते आपोआप बदललं, पॅकहाऊसच्या फाइलमध्ये जुनंच राहिलं. त्याला आपला भाग सापडला नाही, आणि तक्रार न करता त्याने पोटातला जुना पत्ता घेतला. तक्रार केली असती तर बरं झालं असतं. पण तो गप्प राहिला. माझ्यासारखाच.

सोमवारी सांगायचं ठरवून गेलो. मित्राने कोथिंबीर आणली नव्हती. सांगितलं नाही. मंगळवारी सांगू म्हटलं. असं म्हणता म्हणता हंगाम संपला. तोपर्यंत तो प्रत्येक फाइल तीन-तीनदा उघडून बघायला लागला होता. बसस्टॉपवरून परत यायचा, कॉम्प्युटर बंद केला का बघायला. मालक म्हणायचे, "या गोदाकाठ, काय राहिलं आज?" सगळे हसायचे. मीही हसलोय. मे महिन्यात त्याने काम सोडलं.

तेव्हापासून मी डबा एकट्याने खातो. आधी टेबलावर खायचो, आता घरून काम करतो तर ओट्याशी उभ्यानेच. कुणी जेवायला बोलावलं तर काहीतरी कारण सांगतो.

मागच्या महिन्यात एका नव्या कंपनीने तेच जुनं काम माझ्याकडे दिलं. नव्या कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट उघडला. सर्व्हिसची जोडणी ताजी करायला गेलो तर चूक दाखवली, पत्ता सापडत नाही म्हणून. कुठला पत्ता शोधतोय बघावं म्हणून आत शिरलो, आणि तिथे त्या पोटातल्या ओळीत तो शब्द होता. गोदाकाठ. ऑफिस उठलं, ते मशीन भंगारात गेलं असेल, आणि प्रोग्राम अजून त्यालाच हाका मारत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन मी सायखेड्याला गेलो.

तो आता भाजीपाला करतो. केस पांढरे झालेत. "शहरवाले!" म्हणून त्याने घरापुढच्या ओट्यावर सतरंजी टाकली, तेव्हाच मला उठून पळावंसं वाटलं. त्याच्या बायकोने चहा आणला आणि हसत म्हणाली, "भाऊजी, बरं झालं न सांगता आले. काल यांना येतो म्हणून सांगितलं असतं तर इसरले असते. यांच्या भरवशावर काय ठेवायचं नाय. पाण्याची मोटर चालू केली तर तीन येळा बघून येतील. पोरीच्या कॉलेजचे कागद मीच भरले, हे म्हणे माझ्याकडून राहून जाईल."

तोही हसला. "खरंय तिचं. लय कच्चं डोकं माझं."

चहा तसाच ठेवून मी सांगायला सुरुवात केली. सांगताना मी त्याच्याकडे न बघता लॅपटॉपकडे बघत होतो. संपल्यावर त्याने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "दाखव."

मी दाखवलं. नाव जुनं असताना प्रोग्राम फाइलमधला पत्ता घेतो. नाव बदललं की पोटातला.

"सरक," तो म्हणाला. लॅपटॉप आपल्याकडे ओढून त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा केलं. चौदा वर्षांनी त्याची बोटं कीबोर्डवर होती, नखांत माती. पडद्यावर गोदाकाठ उमटलं. त्याने नाव पूर्ववत केलं. बरोबर पत्ता आला. पुन्हा बदललं.

"म्हणजे मी बदलला होता."

"हो."

"आणि तू बघितला होता."

"हो."

मला वाटलं तो शिवी देईल. मी त्यासाठी तयार होऊन गेलो होतो. त्याने लॅपटॉप मिटला आणि घराकडे मान केली. "हे तिला सांग. आत जा. कॉम्प्युटरचं नको, तिला कळंल असं सांग."

स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी सांगितलं. वहिनी, त्या वेळी यांची चूक नव्हती. यांनी काम बरोबर केलं होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि खोटं सांगितलं. चूक माझी होती.

ती पीठ मळत होती. हात थांबले. माझ्याकडे तिने बघितलंच नाही, माझ्या मागून आलेल्या नवऱ्याला म्हणाली, "मी तवाच म्हणले व्हते तुम्हाला. तुम्ही म्हणताय केलं, तर केलंच असंल म्हणून. तर तुम्हीच मला म्हणले, नाय, त्यानं बघितलंय."

परातीतला गोळा तिने उलटा केला आणि पुन्हा मळायला लागली. जोरात. मला जेवायला थांबा म्हणाली नाही. या घरातून कुणी न जेवता जात नाही, एवढं मला त्याच्या डब्यावरून ठाऊक होतं.

तेवढ्यात शेतीची लाइट आली. तो चपला घालून मोटर चालू करायला निघाला. मीही निघालो; माझी गाडी त्याच वाटेवर उभी होती. मोटर चालू करून तो बांधावरून परत येताना दिसला. निम्म्या वाटेत थांबला, वळला आणि पुन्हा मोटरकडे गेला. मी गाडीला किक मारायचा थांबलो.

तो जवळ आला तेव्हा मी विचारलं, "चालू होती?"

"चालूच होती," तो म्हणाला. "मला माहीत होतं. तरी गेलो."

आणि माझ्या गाडीच्या बाजूने, थोडं अंतर ठेवून, तो घराकडे निघून गेला.