टीव्हीवर गेम फुकट

जव्हारच्या बाजारात माझं टीव्ही-रेडिओचं दुकान होतं. एकदा मुंबईहून मी टीव्हीला जोडायचे सहा व्हिडिओ गेम आणले. मोखाड्याचे एक गुरुजी आपल्या दोन पोरांना घेऊन आले. पोरं वीज जाईपर्यंत खेळली. गुरुजींनी भाव विचारला आणि म्हणाले, "उतरू दे जरा."

मुंबईत भाव उतरला, तसा मीही उतरवला आणि काचेवर पाटी लावली. गुरुजींनी पाटी नीट वाचली, पोरांना पुन्हा खेळवलं आणि खूश होऊन म्हणाले, "बघा, उतरतोय ना? अजून उतरेल." आठवडी बाजारात संध्याकाळी वांगी स्वस्त होतात, एवढ्यावर त्यांचं अख्खं अर्थशास्त्र उभं होतं. मी दरवर्षी भाव पाडत गेलो आणि गिऱ्हाईक दरवर्षी जास्त धीर धरायला शिकलं. फुकट खेळायला मात्र कुणालाच धीर नव्हता!

शेवटी वैतागून मी पाटी बदलली: टीव्हीवर गेम फुकट. गुरुजी दुसऱ्याच दिवशी टीव्ही घ्यायला हजर. मला वाटलं, जिंकलो. त्यांनी गेमचं खोकं अलगद बाजूला सारलं.

"शेठ, हे राहू द्या. पोरं आता कॉलेजात गेली. याचे पैसे टीव्हीतून कमी करा."