एका उत्तराला एक बटण

आमच्या गल्लीतल्या टेलरांचं काजवालीवाचून पान हलत नाही. शर्ट त्यांनी शिवायचे, काज-बटण हिनं करायचं. दाराशी स्टूल, मांडीवर कपड्यांचा ढीग, ओठांत सुई. कुणी टोमणा मारला तर सुईसकट उत्तर देते. तिची सहा वर्षांची ठकी पायाशी बसून बटणं ओळीत मांडते: मोठं, त्याहून लहान, त्याहून लहान. मधलं एक कुणी उचललं तर गल्ली डोक्यावर घेते.

शाळेनं ठकीला मोठ्या दवाखान्यात तपासून आणायला सांगितलं. "घंटा वाजली की कान दाबून बाकाखाली जाते," मोठ्या बाई म्हणाल्या. "काय आहे ते कळलं तर सोबतीला वेगळी शिक्षिका मागता येईल. नाहीतर एवढ्या पोरांत हिला मी कशी सांभाळू?"

बोलणं सरळ होतं. पण काजवालीच्या कानात जावेचं बोलणं आधीच जाऊन बसलं होतं. "एकदा शिक्का बसला ना, की पोरीला सगळे वेडी म्हणणार. आणि तिच्या आईला काय म्हणतील ते तू बघ."

मग तिनं तेच केलं जे आपण सगळे परीक्षेच्या आधी करतो. घोकून घेतलं.

ठकी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. हिनं कापडावरच्या खुणेच्या खडूनं स्वतःच्या भुवयांमध्ये ठिपका काढला. "इथं बघ. नाव काय तुझं?" ठिपक्याकडे बघून नाव सांगितलं की तळहातावर एक बटण. "मैत्रिणी किती?" "चार." बटण. "शाळा आवडते?" "खूप." बटण. पुढे ठिपका पुसला तरी पोरगी तिथंच बघायला लागली. काजवालीला वाटलं, गड सर केला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घरचं विचारलं, तर हिचं सगळ्याला एकच उत्तर. झोपते? छान. खेळते? छान. मुलांत मिसळते? अहो, घरात ठरत नाही! ठकीनंही कपाळाकडे बघून चोख उत्तरं दिली. बाहेर रांग मारुतीचं शेपूट झालेली. कागदावर आलं: आत्ता ठोस काही दिसत नाही, सहा महिन्यांनी परत दाखवा. काजवालीनं तो कागद जावेच्या नाकासमोर नाचवला.

शाळेनं मात्र तोच कागद वाचून सूर बदलला. "काही नाहीये म्हणता? मग पोरीला वळणच नाही. घरी ठेवा."

तेव्हा ती शेजारच्या दारात, माझ्याकडे आली. कागद दिला, बाकीचं गिळलं. माझं डोकं फिरलं. अशा पोरांचं काय काय तपासायला हवं ते मी वाचून पाठ केलंय, आणि पांढऱ्या कोटाला मी भीत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात.

"मॅडम, चहा निवायच्या आत तुमच्याकडे पोर तपासून होतं! शाळेनं हाकललं हिला. कोण जबाबदार?"

डॉक्टरीणबाई जागच्या हलल्या नाहीत. "घाई झाली, नाही म्हणत नाही. पण ती माझ्याकडे बघत होती. आणि आईनं सांगितलेलं सगळं चांगलंच होतं." मग ठकीसमोर खाली बसल्या. "नाव काय तुझं?"

ठकीनं त्यांच्या भुवयांमध्ये बघितलं. नाव सांगितलं. आणि तळहात पुढे केला.

"मागच्या वेळीही असाच केला होता," बाई म्हणाल्या. "मला वाटलं हात मिळवायचाय. मिळवला, तर रडायला लागली."

हात तसाच पुढे. मी पुन्हा तोफ डागणार, तेवढ्यात काजवालीनं माझा दंड धरला.

"ताई, गप बस. त्यांच्यावर नको ओरडूस."

पिशवीतून बटण काढून तिनं ठकीच्या हातावर ठेवलं. मूठ मिटली.

"चार मैत्रिणी म्हणाली ना? एकसुद्धा नाही. मीच शिकवलं. कपाळाला खडू लावून." ओठांत नसलेली सुई ती चावत होती. "वाटलं, पास झाली की सुटेल."

टेलरांशी, घरमालकाशी भांडताना या बाईची मान मी कधी खाली गेलेली बघितली नव्हती. त्या दिवशी तिला फरशीवरून नजर उचलवेना.

"यात पास-नापास नसतं हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शाळेत काय होतं ते त्यांच्याकडून लिहून आणा. कान तपासून घेऊ. घरचं खरं सांगा. मग मी तिच्याबरोबर खेळेन. तुम्ही नुसतं बसायचं."

नुसतं बसायचं! काजवालीला जन्मात कुणी एवढं जड काम दिलं नव्हतं. पुढच्या खेपेला ठकी जमिनीवर बटणं मांडत बसली. बाईंनी हाक मारली. तिनं मान वळवली नाही. पुन्हा मारली. भातुकली मांडली, तिनं फक्त बश्या घेतल्या आणि मोठी-लहान लावल्या. काजवालीच्या ओठांपर्यंत उत्तर यायचं आणि थांबायचं. हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले होते.

तिला विचारलं तेव्हा मात्र तिनं सांगितलं. रात्री उठून बसते ते, चावते ते, आपण बोललेलं आपल्यालाच जसंच्या तसं परत बोलून दाखवते ते. पोरीची चुगली करावी तसं एकेक वाक्य खाली बघून. शेवटी म्हणाली, "ही दोन वर्षांची होती तेव्हापासून दिसतंय मला. दिसत नाही असं सोंग केलं."

कागदावर ऑटिझम आलं. काजवाली त्याला "तिचं ते" म्हणते. शाळेत सोबतीची शिक्षिका मिळाली. घंटा व्हायच्या आत ती ठकीला पटांगणाच्या टोकाला नेते. जाऊ अजून बोलते. बोलू दे, हल्ली तिचे कपडे बिनबटणाचे परत जातात.

एक मात्र पुसलं गेलं नाही. आई जवळ वाकली की ठकी अजून तिच्या कपाळाकडे बघते आणि तळहात पुढे करते. काजवाली भर गल्लीत शरमेनं अर्धी होते. मग सुई ओठांत धरून डब्यात हात घालते, आणि काही न विचारता बटण देते.