मानेमागचा नंबर

रविवार, सकाळी दहा वाजता. हजर: मंगलवहिनी, मी, बुरोंडीहून आलेला हरेश, आणि पडवीच्या भिंतीला टेकवलेल्या तीन इलेक्ट्रिक गिटारी. गैरहजर: सुहासदादा. त्याला जाऊन त्या दिवशी सहा आठवडे झाले होते.

दादा माझा थोरला भाऊ. बारा वर्षं जहाजावर इलेक्ट्रिशियन होता, मग रत्नागिरीला परतला आणि घराच्या पडवीतच गिटारदुरुस्ती सुरू केली. "इथे गिटार वाजवतं कोण?" असं मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "वाजवणारे मुंबईत असतात गो. पण गणपतीला गिटार घेऊन गावी येतात, आणि आपली दमट हवा तिची मान वाकडी करते." त्याचा अंदाज खरा ठरला. लांज्यापासून दापोलीच्या किनाऱ्यापर्यंतची गिऱ्हाईकं येऊ लागली. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की दादा हात वर करून त्याला थांबवायचा, गिटार पालथी करायचा आणि आधी नंबर शोधायचा. "आधी नाव, मग दुखणं."

मी सरकारी भांडारात स्टोअरकीपर. नंबर दिसला की मला वही आठवते. दादाची वही मीच घालून दिली: नंबर, मालक, गाव, बिघाड, दिल्याची तारीख. त्या बदल्यात नंबर कुठे कुठे असतो ते त्याने मला शिकवलं. काही कंपन्या तो डोक्याच्या मागे, लाकडातच ठोकतात. काही तिथेच छापतात, मग तो घामाने पुसट होतो. काही जुन्या गिटारींत तो तारा टेकतात त्या पत्र्यावर सापडतो. स्वस्तातल्यांवर नुसतं स्टिकर, तेही पहिल्याच पावसाळ्यात सुटतं. पुष्कळ गिटारींत मान धडाला चार स्क्रूंनी जोडतात, तिथे मागे स्टीलची पट्टी असते आणि नंबर तिच्यावर. आणि कधी तो मानेच्या टोकाशी, सांध्याच्या आत दडलेला असतो. तारा सोडून, मान सुटी केल्याशिवाय दिसतच नाही. "पण पट्टीच्या नंबरावर फार विसंबू नकोस," तो म्हणायचा, "चार स्क्रूंची ती, कोणाच्याही पाठीला बसते." मला ही त्याची पळवाट वाटायची. वहीत भरायचा कंटाळा, दुसरं काय... आणि तसं मी त्याला तोंडावर म्हणतही असे.

दादा हृदयविकाराने गेला, तेव्हा पडवीत दुरुस्तीच्या सात गिटारी होत्या. पाच मी वहीवरून मालकांच्या हाती दिल्या. उरल्या दोन, एकाच कंपनीच्या, दोन्ही काळ्या. एक हरेशची, दुसरी लांज्याच्या सतीशची. सतीश मुंबईत नोकरीला, गणपतीला येणार. तिसरी गिटार दादाची स्वतःची. त्या रविवारी मी पट्टीवरचा नंबर वहीशी ताडून हरेशच्या हाती त्याची गिटार दिली. त्याने मान मुठीत धरली, दोन सूर काढले आणि थांबला.

"ताई, ही माजी नाय."

"नंबर तुमचाच आहे. हे बघा."

"नंबर असंल. पन माजीच्या मानेवर माजा अंगठा बसतो, हिच्यावर नाय बसत. ती दुसरी देता?"

दुसरी हातात घेताच त्याचा चेहरा बदलला. पण अंगठ्याच्या भरवशावर मी परक्याची वस्तू कशी देणार? सतीश आल्यावर त्याला काय सांगणार? आणि दादाच्या हातून गिटारींची अदलाबदल झाली, ही गोष्ट एकदा पसरली की त्याचं इतक्या वर्षांचं नाव गेलं. मी म्हटलं, उघडू या. हरेशने तारा सैल केल्या, मी चार स्क्रू काढले, मान हातात आली. टोकाशी दादाचं पेन्सिलीतलं अक्षर: 'ही हरेशची, बुरोंडी. पट्टी लांज्याच्या सतीशची बसली आहे. न बघता मी स्क्रू मारले, चूक माझी. दोन्ही एकदम आल्या की पट्ट्या बदलणे.'

 मला सगळं आठवलं. काही वर्षांपूर्वी दादा कोणाचातरी अँप्लिफायर बघायला गणपतीपुळ्याला गेला होता आणि मी त्याची पडवी आवरायला घेतली होती. दोन उघड्या काळ्या गिटारी, प्रत्येकीच्या पोटावर तिची पट्टी ठेवलेली. मी दोन्ही पट्ट्या उचलल्या, घासून चकचकीत केल्या आणि परत ठेवल्या... कुठली कुठे ते न बघता. मी, स्टोअरकीपर!

"चूक दादाची नाही, माझी आहे," मी हरेशला सांगितलं.

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं. मला म्हणाले, तिला सांगू नको हां. सांगितलंस तर ती पडवी आवरायची बंद होईल, मग तुलाच आवरावी लागेल."

हरेश हसला. "ताई, एवढी वर्सं वाजवली ती माजीच व्हती ना? मग पट्टीचं काय येवडं!"

तरी दोन्ही पट्ट्या आम्ही तेव्हाच बदलल्या. हरेश आपली गिटार घेऊन गेला. सतीशला फोन करून सगळं सांगितलं. वहीत अदलाबदलीची नोंद केली, खाली सही केली. हे सगळं दादाला तोंडाने सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते आहे.

आता यादीत एकच काम उरलं आहे. दादाची स्वतःची गिटार वहीत कधी चढलीच नाही. एका खलाशाकडून घेतलेली जुनी गिटार, मागची पट्टी कोरी, डोक्यावर, पत्र्यावर काही नाही, म्हणजे नंबर असला तर सांध्याच्या आत. तो बघायचा तर आधी तारा सैल कराव्या लागतील. त्या तारा शेवटच्या दादाने लावल्या, तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी, मी समोर चहा घेत असताना. हवेने त्या तशाही उतरतायत, हे मला कळतं. स्क्रूड्रायव्हर तिच्याशेजारीच ठेवला आहे. रविवारी मी जाते, पडवी झाडते, गिटारीवरची धूळ पुसते आणि वही उघडते. मालक: सुहास. गाव: रत्नागिरी. बिघाड: नाही. नंबराचा रकाना अजून कोरा आहे.